अल्पपरिचित छापांच्या हातहत्यारांची पारख

हातोडी, पाना, पक्कड, पटाशी, कानस, करवत, स्क्रूड्रायव्हर यांसारखी, विजेवर न चालता हाताच्या बळाने चालणारी साधने म्हणजे हातहत्यारे होत. ज्याच्या छापाची, म्हणजेच ब्रँडची, बाजारात फारशी ओळख नाही असे हत्यार घेताना त्याचे पोलाद, घडण, मापातील अचूकता आणि सुरक्षितता यांची केलेली तपासणी म्हणजे त्या हत्याराची पारख. पूर्वी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात गिऱ्हाईक हत्यार हातात घेऊन, ठोकून त्याचा नाद ऐकून, धार अंगठ्यावर हलकेच फिरवून निर्णय घेत असे. ऑनलाइन खरेदीत ही सोय राहिली नाही. तेथे छायाचित्र, विक्रेत्याने लिहिलेले वर्णन आणि इतर ग्राहकांनी दिलेले तारे एवढ्यावरच अवलंबून राहावे लागते, आणि या तिन्हींपैकी एकही गोष्ट पोलादाच्या पोटात काय आहे हे सांगत नाही. त्यामुळे पारखीचा मुख्य भाग हत्यार घरी आल्यावर, ते परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी पार पाडावा लागतो. काही मोजकी हत्यारे मात्र अशी आहेत की त्यांची परीक्षा घरी होऊच शकत नाही.

पार्श्वभूमी

हत्यारावरचा शिक्का पाहून त्याची प्रत ठरवण्याची रीत जुनी आहे. इंग्लंडमधील शेफील्ड या पोलादाच्या शहरात कारागिरांच्या शिक्क्यांची नोंद ठेवण्यासाठी १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्यान्वये 'कटलर्स कंपनी' स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत बनलेल्या स्वस्त सुऱ्या-कात्र्यांवर शेफील्डचे नाव घालून त्या विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा ब्रिटनने १८८७ मध्ये 'मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्ट' संमत करून परदेशी मालावर उगमस्थानाचा उल्लेख सक्तीचा केला. 'मेड इन जर्मनी' ही अक्षरे अशा प्रकारे गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी आली. पुढे जर्मन माल सुधारला आणि तीच अक्षरे भूषण ठरली. १९३८ साली तर झोलिंगेन या जर्मन शहराने आपल्या नावाच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा मिळवला. आज अनेक अनोळखी छापांच्या वर्णनात 'जर्मन तंत्रज्ञान' असे शब्द दिसतात. त्यांचा उत्पादनाच्या जागेशी काही संबंध असेलच असे नाही.

भारतात हातहत्यारांचे मोठे उत्पादन पंजाबमधील जालंधर व लुधियाना येथे आणि राजस्थानातील नागौर येथे होते. जालंधर येथे १९८३ पासून केंद्र सरकारची हातहत्यारांसाठीची संस्था कार्यरत आहे. महाराष्ट्राचाही या उद्योगात वाटा आहे. नाशिक येथे टपारिया टूल्स या कंपनीने १९६९ मध्ये स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने उत्पादन सुरू केले, तर रत्नागिरी येथे जेके फाइल्सचा कानशींचा कारखाना आहे. या सुपरिचित नावांच्या भोवती शेकडो लहान छाप वावरत असतात. त्यांपैकी काहींचा स्वतःचा कारखाना असतो, बहुतेकांचा नसतो.

छाप आणि कारखाना

एकाच कारखान्यातून निघालेला पाना चार वेगवेगळ्या नावांनी, चार वेगळ्या रंगांच्या खोक्यांत आणि चार किमतींना विकला जाणे ही या व्यापारातील नित्याची गोष्ट आहे. व्यापारी तयार माल घेतो आणि त्यावर आपले नाव उमटवतो. ऑनलाइन बाजारपेठांत नोंदणीकृत व्यापारचिन्ह असलेल्या विक्रेत्याला काही सवलती मिळतात, आणि कोणत्याही भाषेत अर्थ नसलेला शब्द व्यापारचिन्ह म्हणून सहज नोंदवता येतो. उच्चारता न येणाऱ्या नावांच्या हत्यारांची गर्दी झाली आहे ती बऱ्याच अंशी यामुळे. नाव विचित्र आहे एवढ्यावरून माल वाईट ठरत नाही. मोठ्या नावाच्या कंपन्याही आपली काही हत्यारे बाहेरून बनवून घेतात, आणि त्याच कारखान्याचा माल अनोळखी नावाखाली निम्म्या किमतीत मिळू शकतो.

खरा फरक सातत्याचा आहे. नामांकित कंपनी विकते ती मुख्यतः एकसारखेपणाची हमी: दहावा नग पहिल्यासारखाच निघेल, आणि पाच वर्षांनी घेतलेला नगही तसाच असेल. स्वतःचा कारखाना नसलेला छापमालक आज एका पुरवठादाराकडून माल घेईल, उद्या दुसऱ्याकडून. नाव आणि छायाचित्र मात्र तेच राहील. म्हणूनच एखाद्याच्या हाती आलेली उत्तम पक्कड ही त्या छापाबद्दलचा पुरावा ठरत नाही. ती केवळ त्या नगाबद्दल सांगते. अल्पपरिचित छापाच्या बाबतीत पारख छापाची करता येत नाही, हाती आलेल्या नगाचीच करावी लागते.

वर्णनातील शब्दांचा अर्थ

'क्रोम व्हॅनेडियम' हे शब्द पान्यांवर आणि स्क्रूड्रायव्हरवर सर्रास आढळतात. या मिश्र पोलादाच्या एका प्रचलित प्रकारात सुमारे अर्धा टक्का कार्बन, ०.८ ते १.१ टक्के क्रोमियम आणि किमान ०.१५ टक्के व्हॅनेडियम असते. हे हत्यारासाठी चांगले पोलाद आहे यात शंका नाही. परंतु शिक्का उमटवायला पोलाद लागत नाही, फक्त ठसा लागतो. शिवाय क्रोमियमयुक्त पोलाद आणि क्रोमचा मुलामा या दोन अगदी भिन्न गोष्टी असून त्यांची गल्लत विक्रेते आणि गिऱ्हाईक दोघेही करतात. आरशासारखा चकाकणारा पाना आतून साध्या मऊ पोलादाचा असू शकतो. मुलामा गंज रोखतो, बळ देत नाही. लोहचुंबक लावून पाहण्याची रीतही येथे निरुपयोगी आहे, कारण साधे पोलाद आणि क्रोम व्हॅनेडियम पोलाद या दोहोंना चुंबक सारखाच चिकटतो.

स्क्रूड्रायव्हरच्या सुट्या टोकांवर 'एस २' असे लिहिलेले असते. आघात सहन करणाऱ्या हत्यारी पोलादाचा तो एक प्रकार आहे. 'डीआयएन ३११३' सारखा आकडा पान्याच्या मापांसंबंधीच्या जर्मन मानकाचा निर्देश करतो. पाना जर्मनीत बनला असा त्याचा अर्थ नव्हे. 'आयएसओ ९००१' हे प्रमाणपत्र तर कारखान्याच्या व्यवस्थापनपद्धतीसाठी दिले जाते, त्यातून विशिष्ट हातोडीच्या प्रतीबद्दल काहीच कळत नाही. '१०८ नगांचा संच' अशा जाहिरातीत नगांची गणती कशी केली आहे हेही पाहावे लागते. पुष्कळदा त्यांतील साठ-सत्तर नग ही स्क्रूड्रायव्हरची बोटाच्या पेराएवढी टोके असतात.

पोलाद आणि पाणी

हत्याराचा गुण पोलादाच्या जातीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या उष्णतासंस्करणावर अवलंबून असतो. लोहाराच्या भाषेत याला पाणी देणे म्हणतात. साध्या कार्बन पोलादाची पटाशी सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवली की ती अत्यंत कठीण, पण काचेसारखी ठिसूळ होते. मग ती पुन्हा हलकीशी तापवून ठिसूळपणा कमी करतात. या दुसऱ्या तापवणीत घासलेल्या पृष्ठभागावर रंग चढत जातात: २२०-२३० अंशांच्या आसपास फिकट गवती आणि ३०० च्या जवळपास निळा. गावचा लोहार हे रंग डोळ्यांनी पाहून नेमक्या क्षणी हत्यार विझवत असे. कारखान्यात हेच काम भट्टीचे तापमापक करतात. स्वस्त मालात काटछाट बहुधा याच टप्प्यावर होते, कारण भट्टीतला वेळ आणि इंधन वाचवले तरी बाहेरून काही दिसत नाही.

कठिनता मोजण्यासाठी रॉकवेल 'सी' हे परिमाण वापरतात. लाकडाच्या पटाशीची धार साधारण ५८ ते ६२, पकडीच्या कापणाऱ्या कडा ५५ ते ६४, पाना ४० ते ४८ आणि चांगली कानस ६० च्या वर, असे सर्वसाधारण आकडे आहेत. ते ध्यानात ठेवण्याजोगे आहेत, कारण त्यांतून एक समजूत दूर होते: अधिक कठीण म्हणजे अधिक चांगले, असे नसते. पाना पटाशीइतका कठीण केला तर जोर लावताच त्याचा जबडा तडकेल. हातोडीचे तोंड प्रमाणाबाहेर कठीण झाले तर ठोकताना त्याची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. म्हणूनच दोन हातोड्या एकमेकींवर आपटून पाहण्याची परीक्षा कधीही करू नये.

घरी करता येण्याजोग्या परीक्षा

खोके उघडल्यावर प्रथम घडण पाहावी. घडीव हत्याराच्या दोन्ही कडांवर, ठशाच्या दोन भागांतून बाहेर आलेले जास्तीचे पोलाद कापून घासल्याची बारीक रेघ दिसते. ओतीव बिडाच्या वस्तूचा पृष्ठभाग रवाळ असतो व त्यावर कधी कधी बारीक छिद्रे आढळतात. छिन्नी दोरीला टांगून तिच्यावर हलकेच टिचकी मारली तर पोलाद घणघणते, बीड बद्द वाजते. मडके वाजवून घ्यावे तसाच हा प्रकार. संचातल्या स्वस्त हातोड्यांचे डोके बिडाचे निघाले तर ती हातोडी खिळ्यावर वापरणे धोक्याचे आहे. हातोडीचा दांडा डोक्यात पक्का बसला आहे का आणि पाचर ठोकली आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

पान्याची परीक्षा सोपी आणि सर्वांत विश्वासार्ह आहे. १३ मिलिमीटरचा पाना ८ मिलिमीटर व्यासाच्या प्रमाणित बोल्टच्या डोक्यावर, १० मिलिमीटरचा पाना ६ मिलिमीटरच्या बोल्टवर बसतो. तो सहज चढला पाहिजे, पण चढल्यावर डुलता कामा नये. जबड्याच्या दोन्ही बाजू समांतर आहेत की तोंडाशी फाकल्या आहेत, हे व्हर्नियर कॅलिपरने किंवा नुसते उजेडासमोर धरूनही कळते. सैल पाना स्वतः मोडत नाही. तो बोल्टचे कोपरे गोल करतो आणि निसटून बोटांची साले काढतो. वाहनदुरुस्ती करणाऱ्याला याची किंमत पान्याच्या किमतीहून कितीतरी अधिक पडते.

पक्कड मिटून उजेडासमोर धरावी. कापणाऱ्या कडांमधून प्रकाशाची फट दिसली तर बारीक तार तुटणार नाही, चेपली जाईल. मग ती अर्धी उघडून दोन्ही हातांनी आडवी हलवावी. रिव्हेटपाशी खेळ जाणवला तर ती लवकरच निकामी होईल. तांब्याच्या तारेतला एकच तंतू स्वच्छ तुटतो का ते पाहावे. शेवटी एक साधा लोखंडी खिळा कापून कडांवर खाच पडली का, हे भिंगातून पाहावे. खाच पडली तर कडांना पाणी नीट दिलेले नाही.

कानस हे घरगुती कठिनतामापक आहे. जुनी पण धारदार कानस पटाशीच्या धारेजवळ किंवा पकडीच्या कापणाऱ्या कडेवर हलकेच ओढली असता ती घसरत गेली तर पोलाद कठीण, आणि चावली तर मऊ. मात्र हीच परीक्षा पान्यावर केली तर चांगल्यातला चांगला पानाही कानशीला चावू देतो, कारण तो मुळातच कमी कठीण ठेवलेला असतो. आणि हातोडीच्या तोंडावर कानस घसरली तर ती हातोडी उत्तम नसून भयावह समजावी. या परीक्षेचा एक व्यावहारिक तोटा असा की ओरखडा उठलेले हत्यार विक्रेता परत घेण्यास कुरकुर करतो. त्यामुळे ती सर्वांत शेवटी करावी हे बरे.

पटाशीच्या बाबतीत उतावीळ निर्णय टाळावा. कारखान्यात धार काढताना तिचे टोक अनेकदा जास्त तापते आणि पहिल्या एक-दोन मिलिमीटरमधले पाणी उतरते. नवी पटाशी सागवानाच्या आडव्या छेदावर चालवून धार मुडपली, तरी तिला दगडावर दोन-तीनदा धार लावून पुन्हा पाहावे. तरीही धार वळत असेल तर पोलाद मऊ, आणि धारेचे कण झडत असतील तर ठिसूळ. पुष्कळ बऱ्या पटाश्या केवळ पहिल्या दिवशीच्या या अनुभवावरून नापास केल्या जातात.

मोजणीच्या हत्यारांना पोलादापेक्षा भूमितीची कसोटी लागते, आणि तिला काही खर्च येत नाही. गुण्या एका सरळ कडेच्या फळीला टेकवून रेघ ओढावी, मग तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकमेकींवर आल्या तर गुण्या बरोबर आहे. वीस सेंटिमीटर अंतरावर त्या १ मिलिमीटरने फाकल्या तर गुण्यातील चूक तेवढ्या लांबीत अर्ध्या मिलिमीटरची आहे, कारण उलटवल्याने चूक दुप्पट होऊन दिसते. पाणसळीचेही तसेच. ती एका पृष्ठभागावर ठेवून बुडबुडा कोठे थांबतो ते पाहावे आणि टोकाला टोक बदलून त्याच जागी पुन्हा ठेवावी. पृष्ठभाग उतरता असला तरी चालतो, बुडबुडा दोन्ही वेळा त्याच बाजूला तेवढाच सरकला पाहिजे. नामांकित छापाच्या गुण्यावरही ही परीक्षा करण्यास हरकत नाही.

जेथे घरची परीक्षा चालत नाही

वीजकामाची हत्यारे ही या विषयातील सर्वांत गंभीर बाब आहे. पकडीच्या दांड्यांवर लाल-पिवळे प्लॅस्टिकचे आवरण असले की ती विजेपासून संरक्षण देते, अशी समजूत घरोघरी आहे. पुष्कळदा ते आवरण केवळ मुठीच्या सोयीसाठी असते. चालू वीजप्रवाहावर काम करण्याच्या हत्यारांसाठी 'आयईसी ६०९००' हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार बनलेल्या हत्यारावर दोन त्रिकोणांचे चिन्ह आणि १००० व्होल्ट हा आकडा असतो, आणि प्रत्येक नगाची १०,००० व्होल्ट दाबाखाली चाचणी होणे अपेक्षित असते. ही चाचणी घरी होऊ शकत नाही, करण्याचा प्रयत्नही करू नये. चिन्ह मात्र कोणालाही छापता येते. आवरण चांगले की वाईट हे घरातल्या २३० व्होल्टच्या तारेला हात लागल्यावरच कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून अशा हत्याराच्या बाबतीत स्वस्त प्रयोगाला जागा नाही. प्रमाणपत्र तपासता येत नसेल तर ते साधे हत्यार समजून, मुख्य स्विच बंद करूनच वापरावे.

टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट किती बळाने आवळला ते मोजणारा पाना, हे दुसरे उदाहरण. 'आयएसओ ६७८९' या मानकानुसार १० न्यूटन-मीटरच्या वरच्या पान्यांत चूक चार टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. क्रमांकासह प्रमाणपत्र नसलेला टॉर्क पाना नेमका किती चुकतो हे वापरणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही.

ग्राहकांचे अभिप्राय

हातहत्यारांना मिळणारे तारे बहुतांशी पहिल्या आठवड्यातले असतात. त्यांतून खोके नीट आले का, चकाकी कशी आहे, एवढेच कळते. पाना फाकतो किंवा कडा बोथट होते ती सहा महिन्यांनी, आणि तेव्हा लिहायला फारच थोडे परत येतात. काही ठिकाणी वेगवेगळ्या वस्तूंचे अभिप्राय एकाच पानावर एकत्र केलेले असतात, त्यामुळे हातोडीला मिळालेले तारे पकडीच्या नावावर जमा होतात. उपयोगाचे ठरतात ते कमी ताऱ्यांचे, मोडलेल्या नगाचे छायाचित्र असलेले अभिप्राय. तीन अनोळखी माणसांचे हत्यार एकाच जागी मोडले असेल तर तो दोष नगाचा नसून घडणीचा आहे असे मानण्यास आधार मिळतो. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये 'आयएस १९०००' हे मानक प्रसिद्ध केले. मूळ स्वरूपात ते ऐच्छिक आहे.

मानके आणि कायदा

भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि १९८७ मध्ये तिचे रूपांतर भारतीय मानक ब्युरोत झाले. उघड्या जबड्याच्या पान्यांसाठी 'आयएस २०२८', पोलादी हातोड्यांसाठी 'आयएस ८४१', पकडींसाठी 'आयएस ३६५०' अशी मानके आहेत. वर्णनात नुसता मानकाचा आकडा असणे आणि हत्यारावर आयएसआय चिन्ह असणे यांत फरक आहे. खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपमध्ये घालून परवाना कोणाचा आहे हे विनामूल्य पडताळता येते.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्रेत्याने वस्तूचा उगमदेश सांगणे आवश्यक आहे, आणि सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास त्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करण्याचे बंधन विक्रीमंचावर आहे. आयात केलेल्या मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता असावा लागतो. 'आजीवन हमी' असे लिहिलेल्या अनोळखी छापाची हमी किती खरी, हे पाहण्यासाठी हा पत्ता सर्वांत आधी शोधावा. तो नसेल तर हमी कोणाकडे मागायची हा प्रश्न उरतो. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. सदोष हत्यारामुळे इजा झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली भरपाई मागता येते, आणि उत्पादक कोण हे कळत नसेल तर ती जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते.